घरी बांधलेल्या विमानाचे ब्रेक

सांबरा, मुतगा, मोदगा, बाळेकुंद्री या गावांना लहान विमानांची घरघर आता नवी राहिलेली नाही. वैमानिक प्रशिक्षणाची विमाने सांबऱ्याहून उडू लागल्यापासून शेतात काम करणारा माणूसही मान वर न करता सांगतो, "शिकाऊ आहे." इकडे निपाणीहून बेळगावला येताना हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग बनवणारी एक्वसची वसाहत लागते. आपल्या मंडळाच्या बऱ्याच घरांतली मुले तिथे कामाला आहेत. त्यामुळे स्नेहमेळाव्यात विमानाचा विषय निघतोच, आणि एक प्रश्न हमखास येतो: विमान घरी बांधता येते का?

येते. त्याचे उत्तर थोडक्यात देऊन आम्ही दुसऱ्या प्रश्नाकडे वळणार आहोत, जो सहसा कोणी विचारत नाही. ते बांधलेले विमान थांबते कसे, आणि ते दर वेळी थांबावे म्हणून काय करावे लागते?

मराठी वाचकांना कॅप्टन अमोल यादव हे नाव ठाऊक असेल. कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची व्हीटी-एनएमडी या अक्षरांनी नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याच्या उड्डाण-चाचण्या झाल्या. बांधणीला वर्षे गेली आणि परवानगीलाही वर्षे गेली. आपल्याकडे हा मार्ग अजून अरुंदच आहे.

अमेरिकेत तो रुंद आहे. तिथे १९५३ मध्ये एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही हौशी बांधणाऱ्यांची संघटना सुरू झाली. व्हॅन्स या एकाच कंपनीच्या सुट्या संचांतून बांधलेली अकरा हजारांहून जास्त विमाने आजवर उडाली आहेत. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशीने, स्वतःच्या शिक्षणासाठी बांधलेला असला की त्याला नोंदणी मिळते. ज्याने बांधले त्याला त्या एका विमानाच्या वार्षिक तपासणीवर सही करण्याचा दाखलाही मिळू शकतो. म्हणजे गॅरेजमधल्या विमानाचे ब्रेक ठीक आहेत असे लिहून देणारा माणूस बहुधा घरचाच असतो. त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसणारेही घरचेच. आपल्या मंडळींपैकी कोणाचा भाचा, कोणाचा जावई परदेशात असा संच आणून बसला असेल, तर पुढचे वाचून त्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत.

दोन पाय, दोन ब्रेक

मोटारीत एक पेडल दाबले की चारही चाके आवळली जातात. लहान विमानात तसे नसते. पायाखाली दोन पेडल असतात. ती पुढेमागे सरकवली की शेपटीवरचे सुकाणू वळते आणि त्यांचा वरचा भाग पंजाने दाबला की ब्रेक लागतो. डाव्या पंजाने डावे चाक, उजव्याने उजवे. पुढच्या किंवा शेपटीच्या चाकाला ब्रेक नसतोच.

अशी विभागणी करण्यामागे वळण्याचे कारण आहे. घरी बांधल्या जाणाऱ्या पुष्कळ विमानांचे पुढचे चाक ट्रॉलीच्या चाकासारखे मोकळे फिरते, त्याला सुकाणूशी जोडलेले नसते. जमिनीवर हळू चालताना सुकाणूवर पुरेसा वारा लागत नाही, तेव्हा डावीकडे वळायचे तर डावा ब्रेक किंचित दाबायचा. यातून दोन गोष्टी ओघानेच येतात. एक, अशा विमानात ब्रेक गेला तर थांबणे तर जातेच, वळणेही जाते. दोन, एका बाजूचा ब्रेक कमजोर झाला आणि वैमानिकाने दोन्ही पाय सारख्या जोराने दाबले, तर विमान सरळ थांबत नाही, चांगल्या ब्रेकच्या बाजूला ओढले जाते. दोन्ही ब्रेक सारखेच थोडे कमी झालेले एक वेळ परवडतात, पण एकच कमी झालेला धावपट्टीबाहेर नेतो.

आतली रचना साधी आहे. प्रत्येक पेडलमागे एक लहान मास्टर सिलिंडर, तिथून नळी खाली चाकापर्यंत, तिथे कॅलिपर आणि चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी. मास्टर सिलिंडरचा व्यास १६ मिलिमीटर आणि कॅलिपरमधल्या दट्ट्याचा ३८ मिलिमीटर धरला, तर पायाचा जोर कॅलिपरपाशी साडेपाच पटींहून अधिक होतो. मच्छे आणि उद्यमबागच्या कारखान्यांत हायड्रॉलिक पंप-सिलिंडरवर हात बसलेल्या आपल्या मंडळींना यात नवे काही नाही. खरे तर ही जाणकारीच कधी कधी आड येते, ते पुढे सांगतो.

तवंदीचा घाट आणि धावपट्टी

निपाणीजवळचा तवंदी घाट ज्यांनी ट्रकमधून उतरला आहे त्यांना ब्रेक तापणे म्हणजे काय हे शिकवायला नको. सारखा पाय ठेवून उतरणाऱ्या गाडीच्या चाकांतून करपल्याचा वास येतो आणि मग पेडल दाबूनही गाडी म्हणावी तशी धरत नाही. जुने ड्रायव्हर म्हणून खालच्या गिअरमध्ये उतरतात, इंजिनालाच अडवू देतात. विमानाला ही सोय नाही. चाकांचा इंजिनाशी काही संबंधच नसतो. जी काही गती उरते ती हवेच्या विरोधाने आणि ब्रेकनेच संपवायची.

थोडा हिशेब करू. विमान ६०० किलोचे आहे आणि चाके टेकल्यावर ताशी ९० किलोमीटर वेगाने धावते आहे. त्याच्या गतीत साधारण १,८७,५०० ज्यूल ऊर्जा आहे. ही उष्णता सहाशे मिलिलिटर पाणी २५ अंशांपासून उकळीला आणायला पुरते, म्हणजे चार-पाच कप चहाची. ऐकायला किरकोळ वाटते. पण हीच सगळी उष्णता एकेक किलोच्या दोन तबकड्यांत काही सेकंदांत घातली, तर त्यांचे तापमान सुमारे १९० अंशांनी चढते. प्रत्यक्षात काही वाटा हवा आणि टायर उचलतात, पण अंदाज यावा म्हणून आकडा ठीक आहे. वेग ९० ऐवजी १०० असेल तर ऊर्जा जवळजवळ पाव पटीने वाढते, कारण ती वेगाच्या वर्गावर जाते. ब्रेक जपण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणूनच योग्य वेगाने उतरणे हा आहे.

इथे बेळगावची हवाही मध्ये येते. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. एप्रिलच्या दुपारी ३५ अंश तापमानात इथली हवा समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा बरीच विरळ असते. वैमानिकाच्या समोरचा वेगदर्शक काटा हवेच्या दाबावर चालतो, म्हणून काटा नेहमीचाच आकडा दाखवतो, पण विमान जमिनीवरून त्याहून जास्त वेगाने पळत असते. हिशेब केला तर त्याच आकड्याला ब्रेकवर येणारी ऊर्जा सुमारे १७ टक्क्यांनी जास्त निघते. आपल्याकडची हवा थंड असते हा बेळगावकरांचा अभिमान ब्रेकला लागू पडत नाही.

उतरण्यापेक्षाही ब्रेक जास्त तापतात ते जमिनीवर रेंगाळताना. इंजिनाचा जोर थोडा जास्त ठेवायचा आणि वेग आवरायला ब्रेकवर पाय टेकवून चालायचे, ही सवय नवशिक्यांत फार दिसते. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असते. पेडल पूर्ण मागे आले की ते उघडते आणि तापून फुगलेले तेल टाकीत परत जाते. पाय सतत टेकलेला असला की छिद्र बंदच राहते, तेल फुगते, ब्रेक आपोआप आणखी आवळला जातो आणि आणखी तापतो. म्हणून शिकवणारे सांगतात, टाचा तळाला टेकवा आणि पंजे पेडलच्या वरच्या भागावर ठेवू नका. देखभालीतही हेच पाहायचे: दोन्ही पेडल सोडल्यावर पूर्ण मागे येतात ना, स्प्रिंग थकलेली नाही ना, पायाखालची चटई तर अडकत नाही ना.

तेल कुठले?

या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवावा.

मोटारीच्या ब्रेकमध्ये जे तेल असते, ज्याच्या बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेले असते, ते ग्लायकॉल जातीचे असते. नावाला तेल, पण खनिज तेलाशी त्याचे नाते नाही. बहुतेक लहान विमानांत मात्र खनिज तेल वापरतात. ते लाल रंगाचे असते, त्याला ५६०६ या क्रमांकाने ओळखतात आणि एरोशेल फ्लुइड ४१ हे त्यातले सर्वांना माहीत असलेले नाव. काही हलक्या विमानांच्या ब्रेकमध्ये डॉट ४ सुद्धा चालते, पण ते तसे बनवलेलेच असतात.

फरक पडतो तो आतल्या रबराने. खनिज तेलासाठी नायट्राइलच्या, म्हणजे कारखान्यात ज्याला बुना-एन म्हणतात त्याच्या, ओ-रिंग लागतात. ग्लायकॉलसाठी ईपीडीएम रबर लागते. ईपीडीएमला खनिज तेल लागले की ते फुगून मऊ पडते. नायट्राइलला ग्लायकॉल लागले तर तेही बिघडते. फुगलेली रिंग दट्ट्याला मागे येऊ देत नाही, ब्रेक घासत राहतो, तापतो आणि मग गळतो. आणि हे लगेच होत नाही, ही खरी अडचण आहे. चुकीचे तेल घातल्या दिवशी पेडल छान कडक लागते. काही दिवसांनी बिघाड दिसतो तेव्हा बाटली कोणती उघडली होती हे कोणाच्या ध्यानात नसते.

हायड्रॉलिक्सची जाणकारी आड येते ती इथे. "ओ-रिंग तर याच मापाची आहे" असे म्हणून कपाटातली दुसरी बसवणे, किंवा "तेलच आहे" म्हणून रविवार पेठेतून आणलेली बाटली ओतणे, दोन्ही कारखान्यातल्या तातडीच्या सवयी आहेत. माप जुळले म्हणून जात जुळत नाही. दोन काळ्या रिंगा शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून त्या पाकिटासकट आणि क्रमांकासकट ठेवायच्या. तेलटाकीच्या झाकणावर तेलाचा क्रमांक रंगाने लिहून ठेवावा. चुकून दुसरे तेल गेलेच तर थोडे काढून थोडे भरण्यात अर्थ नाही. सगळे तेल काढणे, नळ्या धुणे आणि दोन्ही टोकांची सगळी रबरे बदलणे, एवढे करावेच लागते.

लाल तेलाचा एक दुर्गुणही सांगायला हवा. ते तुलनेने लवकर पेटते. त्याचा ज्वलनांक ८२ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, आणि आपण वर पाहिले की तबकडी त्याच्या कितीतरी वर जाऊ शकते. तापलेल्या चाकावर गळते तेल पडून आग लागण्याचे प्रकार घडतात ते यामुळेच. त्याच जातीच्या रबरांना चालणारे ८३२८२ क्रमांकाचे तेल २०५ अंशांपर्यंत दाद देत नाही, म्हणून हल्ली बरेच बांधणारे ते घालतात. कितीही चांगले तेल असले तरी प्लास्टिकची नळी तापलेल्या तबकडीजवळून किंवा धुराड्याजवळून नेणे योग्य नव्हे. तिथे पोलादी जाळीची नळीच हवी.

तपासणी

चाकावर झाकण असेल तर ते काढल्याशिवाय तपासणी झाली असे म्हणू नये. झाकणाच्या आत खाली लाल ओघळ दिसला तर गळती आहे. पुसून "बघू" म्हणायचे नाही, कुठून आला ते शोधायचे.

मग लायनिंगची जाडी. अनेक विमान-ब्रेकना ती २.५ मिलिमीटरच्या आसपास आली की बदलायची असते. नेमका आकडा त्या ब्रेकच्या पुस्तकात पाहावा. लायनिंग रिव्हेटने बसवलेले असते. ते फार झिजले की रिव्हेटचे डोके तबकडीला घासून तिच्यात चर पाडते, आणि थोडक्या पैशांच्या लायनिंगपायी महाग तबकडी जाते. दोन्ही बाजूंचे लायनिंग सारखे झिजले आहे का तेही पाहायचे. कॅलिपर दोन खिळ्यांवर इकडेतिकडे सरकता असतो. ते खिळे गंजले की तो एकाच बाजूने दाबतो. खिळे साफ करून त्यांना कोरडे वंगण द्यावे. साधे ग्रीस लावले की त्याला धूळ चिकटते. खानापूरकडची तांबडी माती असो की निपाणीकडची काळी, ग्रीसमध्ये मिसळली की ती लायनिंगसारखीच झिजवते. बोल्ट अंदाजाने आवळायचे नाहीत, टॉर्क पान्याने आवळायचे, आणि जिथे लॉकवायर सांगितली आहे तिथे नवीनच घालायची.

नळीच्या जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. नळकामात ती उत्तम, पण इथे तिची एक चिंधी सुटून त्या बारीक छिद्रात बसली तर ब्रेक सुटत नाही.

हवा काढण्याची रीत मोटारीच्या उलट आहे. गॅरेजात एक जण पेडल मारतो आणि दुसरा चाकाशी नट सैल करतो. विमानात तेल खालून वर ढकलतात. कॅलिपरच्या नळाला पारदर्शक नळी लावून हातपंपाने तेल आत सारायचे, म्हणजे हवेचे बुडबुडे आपल्या स्वभावानुसार वर चढत टाकीतून निघून जातात. शेजारच्या खुर्चीपुढेही पेडल असतील तर त्या सिलिंडरांतूनही हवा निघाली पाहिजे. तिथेच ती हमखास लपते. टाकी वरून ओसंडते, म्हणून फडके आधीच बांधून ठेवावे. काम सुरू करण्यापूर्वी चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी अडसर लावायलाच हवेत, कारण ब्रेक उघडलेले विमान उतारावर आपले आपण चालू लागते. शेवटी पेडल दाबून पाहायचे. कडक लागले तर ठीक. भिजलेल्या स्पंजासारखे लागले, किंवा दुसऱ्यांदा दाबल्यावरच कडक झाले, तर आत अजून हवा आहे.

आपल्याकडच्या पावसाची वेगळी गोष्ट. जूनपासून विमान शेडमध्ये उभे राहिले की साध्या पोलादी तबकडीवर तांबूस गंज चढतो. वरवरचा गंज पहिल्या दोन-चार हलक्या ब्रेकमध्ये निघून जातो. खड्डे पडलेला मात्र लायनिंगला कानशीसारखा खातो. क्रोमचा मुलामा दिलेल्या तबकड्या म्हणून आपल्या हवेला बऱ्या. आणि कुंभारमाशी! तेलटाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते, आणि या माशीला मातीचे घर बांधायला अशीच जागा लागते. छिद्र बुजले की टाकीत हवा येत-जात नाही आणि ब्रेक विचित्र वागू लागतो. पावसाळ्यानंतर ते छिद्र पाहायला अर्धा मिनिट लागतो.

नवीन लायनिंग लगेच पूर्ण धरत नाही. ते आधी मुरवावे लागते: जमिनीवर चालताना ठरावीक अंतर हलका ब्रेक लावून तापवायचे, मग दहा-पंधरा मिनिटे थंड होऊ द्यायचे. पद्धत लायनिंगच्या जातीनुसार बदलते, ती बनवणाऱ्याच्या पत्रकात असते. त्यानंतर इंजिनाचा जोर वाढवून विमान जागेवर धरून ठेवता येते का, हे पाहतात. ते सरकले तर मुरवणे अपुरे आहे.

गच्चीवर किंवा गॅरेजात बांधलेल्या विमानाच्या ब्रेकची खरी परीक्षा धावपट्टीवर, पहिल्या उड्डाणाच्याही आधी होते. आधी माणसाच्या चालीने, मग सायकलच्या, मग उड्डाणाच्या जवळपास वेगाने विमान पळवून थांबवतात. या चाचण्यांत ब्रेकवर रोजच्या वापराहून जास्त ताण येतो, कारण पळवणे-थांबवणे पुन्हा पुन्हा होते आणि मध्ये हवेत गार होण्याची संधी मिळत नाही. दोन फेऱ्यांमध्ये थांबून तबकडी गार होऊ द्यावी लागते, आणि नेमके हेच उत्साहात विसरले जाते. ब्रेक फार तापला असे वाटले तर पार्किंग ब्रेक ओढून ठेवू नये, झाकणातून धूर येत असेल तर विमान शेडमध्ये नेऊ नये, सगळ्यांनी उतरून अग्निशामक हाताशी घेऊन उभे राहावे.

रोजची शेवटची तपासणी तर अगदी साधी आहे. सांबऱ्यालाही दिसेल, कुंपणापलीकडून लक्ष ठेवले तर. विमान जागेवरून हलते, दोन हात पुढे येते आणि लगेच नाक किंचित खाली वाकवून थांबते. आपल्या मुलांना वाटते वैमानिक काही विसरला. तो ब्रेक पाहत असतो, वेग चालण्याइतका असताना आणि समोर काही नसताना. तुमच्याबरोबर कोणी विमान बांधणारा जावई असेल तर त्याला विचारायचे दोन प्रश्न हेच: टाकीत तेल कुठल्या क्रमांकाचे आहे, आणि हलल्याबरोबर ब्रेक पाहतोस ना?